इंजिनिअर, वकील, पत्रकार कुणीही असा: अमेरिकेत पॉलिटिकल सायन्सच्या पीएचडीला अप्लाय कसं करायचं

आधी एक भीती काढून टाकू. तुमचं बी.ए. पॉलिटिकल सायन्समध्येच पाहिजे अशी अट अमेरिकेतली बहुतेक डिपार्टमेंट्स घालत नाहीत, एम.ए. असायलाच हवं असंही नाही, चार वर्षांची पदवी असली की थेट पीएचडीला अर्ज करता येतो. बी.ई., बी.टेक., पाच वर्षांचं लॉ, सगळं चालतं. प्रिझनर्स डिलेमाच्या (सहकार्य करायचं की दगा द्यायचा हा पेच) कॉम्प्युटर टूर्नामेंट भरवणारे रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांची पदवी गणितातली होती आणि पीएचडी येलमधून पॉलिटिकल सायन्समध्ये, १९६९ साली. उलटंही झालंय, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना गणित कमी पडतं म्हणून इकॉनॉमिक्सच्या पीएचडीला घेतलं नाही, मग त्यांनी पॉलिटिकल सायन्समध्ये केली आणि २००९ ला नोबेल मिळालं ते इकॉनॉमिक्सचंच. म्हणजे कुंपण आहे पण इतकं उंच नाहीये.

पण यावरून लोक जो अर्थ काढतात तो चुकतो. त्यांना वाटतं की आपली आवड नीट पटवून दिली की झालं. आवड सगळ्यांनाच आहे हो, आपल्याकडे तर एसटीत शेजारी बसलेला माणूसही तासभर युती-आघाडीवर बोलतो. प्रवेश कमिटी बघते ते वेगळंच, हा माणूस पाच-सहा वर्षं एका प्रश्नाच्या मागे लागून राहील का आणि त्याच्याकडे असा प्रश्न आहे का. तुम्ही फिल्ड का बदललं याचं स्पष्टीकरण त्यांना दोन ओळींत पुरतं. मी स्वतः इंजिनिअरिंगमधून इकडे आलोय आणि नंतर बऱ्याच जणांचे एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय संशोधन करायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध) वाचलेत, अर्धा एसओपी फिल्ड बदलण्याची माफी मागण्यात गेलेला असतो, आणि प्रश्न मात्र शेवटच्या पॅराग्राफमध्ये घाईघाईत.

पीएचडीच हवीय ना, नक्की?

हे आधी विचारतो कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरंतर दुसरंच काहीतरी हवं असतं. सरकारसोबत काम करायचंय, धोरणं बनवायचीत, तर पब्लिक पॉलिसीचं मास्टर्स करा. निवडणुकीचं कॅम्पेन चालवायचंय तर पॉलिटिकल कन्सल्टन्सीत जा, तिथे पीएचडी कोणी विचारत नाही. यूपीएससीचे अटेम्प्ट संपले आणि पीएसआयआर (पॉलिटिकल सायन्स आणि इंटरनॅशनल रिलेशन्स) ऑप्शनल होता म्हणून आता पीएचडी, हे पण खूप दिसतं, आणि त्यात वाईट काहीच नाही, फक्त तिथला अभ्यास आणि इथलं काम यात फरक आहे. तिथे कोण काय म्हणालं हे लक्षात ठेवून दोनशे-अडीचशे शब्दांत मांडायचं असतं, इथे कोण काय म्हणालं ते बरोबर आहे का हे तपासायचं असतं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढलेली तीन वर्षं सीव्हीत लपवू नका, गॅप लपवला की जास्त डोळ्यात येतो, एका ओळीत लिहा की अमुक ते अमुक काळ सिव्हिल सर्व्हिसेसची तयारी केली, ऑप्शनल पॉलिटिकल सायन्स, आणि पुढे चला.

पीएचडी म्हणजे साधारण पाच-सहा वर्षं, बऱ्याचदा सात. पहिली दोन वर्षं कोर्सवर्क, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा, मग प्रबंध. बऱ्या डिपार्टमेंटमध्ये फी माफ असते, हेल्थ इन्शुरन्स मिळतो आणि स्टायपेंड मिळतो, जो जागेप्रमाणे वर्षाला २५ हजार डॉलरपासून ५० हजारांच्या आसपासपर्यंत असू शकतो, बदल्यात तुम्ही टीचिंग असिस्टंट म्हणून शिकवता. फंडिंग नसलेली पीएचडीची ऑफर आली तर घेऊ नका, यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही. आणि प्रोफेसरच्या नोकऱ्यांचा बाजार बेकार आहे, हे माहीत असून यायचं.

विषयाचा नकाशा

अमेरिकेत या विषयाचे ठरलेले कप्पे आहेत: अमेरिकन पॉलिटिक्स, कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स, इंटरनॅशनल रिलेशन्स, पॉलिटिकल थिअरी, आणि मेथड्स (संशोधनाच्या पद्धती). अर्जात तुम्हाला पहिला आणि दुसरा सबफिल्ड निवडावा लागतो. "इंडियन पॉलिटिक्स" असा कप्पाच नाही. भारतातल्या निवडणुका, पक्ष, जात, स्थानिक स्वराज्य संस्था, दंगली, नोकरशाही, हे सगळं तिकडे कम्पॅरेटिव्हमध्ये येतं. आंबेडकर किंवा फुले विचारवंत म्हणून वाचायचेत तर ती थिअरी. भारत-चीन सीमावाद म्हणजे इंटरनॅशनल रिलेशन्स. चुकीचा सबफिल्ड टाकला तर तुमची फाईल चुकीच्या प्रोफेसरच्या टेबलावर जाते आणि तो म्हणतो हे माझं काम नाही.

ओळख करून घ्यायला गाईडबुकं नकोत, जर्नल्स वाचा. अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू, वर्ल्ड पॉलिटिक्स, कम्पॅरेटिव्ह पॉलिटिकल स्टडीज, एवढी तीन पुरेत सुरुवातीला. लेख पेवॉलमागे असतो, म्हणजे पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, पण लेखकाच्या वेबसाईटवर बहुतेक वेळा पीडीएफ फुकट पडलेली असते. शिवाय "कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स फिल्ड सेमिनार" असं शोधलं की मोठ्या विद्यापीठांचे सिलॅबस सापडतात, त्यातले पाच-सहा आठवडे स्वतःच वाचून काढायचे. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर पॉलिटिकल सायन्सचे कोर्स पण आहेत. लेख वाचताना निष्कर्ष पाठ करू नका, लेखकाने प्रश्न काय विचारला आणि उत्तर खरं आहे हे कसं दाखवलं तेवढं एका वहीत दोन ओळींत लिहा. असे तीस-चाळीस लेख झाले की तुमची भाषा आपोआप बदलते, आणि एसओपी वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

प्रश्न म्हणजे नेमकं काय

इथे जरा थांबतो कारण बाहेरच्या विषयातून आलेले लोक इथेच अडकतात. "मला महिला आरक्षणावर काम करायचंय" हा टॉपिक झाला. प्रश्न कसा असतो ते बघा. मुंबई महापालिकेत महिलांसाठी राखीव वॉर्ड सोडतीने ठरायचे आणि पुढच्या निवडणुकीला बदलायचे, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेलं आहे, कुठल्या नगरसेवकाचा पत्ता कट झाला वगैरे. रिखिल भवनानी या संशोधकाने यातून विचारलं की आरक्षण उठल्यावर काय होतं? म्हणजे जो वॉर्ड मागच्या वेळी राखीव होता आणि आता खुला झालाय तिथे बाई निवडून यायची शक्यता वाढते का? सोडत असल्यामुळे कुठला वॉर्ड राखीव होणार हे कोणाच्या हातात नव्हतं, त्यामुळे राखीव होऊन खुला झालेला वॉर्ड आणि राखीव नसलेला वॉर्ड यांची तुलना प्रामाणिक ठरते. उत्तर निघालं की मागच्या वेळी राखीव असलेल्या वॉर्डात बाई जिंकायची शक्यता साधारण पाचपट होती. २००९ साली हा लेख अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यूत आला. चिठ्ठी काढायची ती बोअरिंग सरकारी प्रक्रिया आपल्याला बातमी वाटली, त्यांना त्यात रिसर्च डिझाईन दिसलं. हे असं बघता येणं म्हणजे या विषयाचं ट्रेनिंग.

आता तुमच्याकडचं उदाहरण बनवू. समजा तुम्ही सिव्हिल इंजिनिअर आहात आणि जलजीवन मिशनच्या साईटवर मराठवाड्यात काम केलंय. तुम्हाला माहितीये की शेजारशेजारची दोन गावं, कंत्राटदार तोच, डिझाईन तेच, एका गावात टाकी भरली आणि दुसऱ्यात पाईप आणून टाकलेत ते तसेच पडलेत, विचारलं तर म्हणतात "आमच्यात सरपंच एका पॅनलचा अन् बॉडी दुसऱ्या पॅनलची". तुम्ही हे चहा पिता पिता ऐकून सोडून दिलंत. आता त्याला जोडा हे: महाराष्ट्रात २०१७ ला थेट जनतेतून सरपंच निवडायला सुरुवात झाली, २०२० ला ते बंद करून पुन्हा सदस्यांमधून निवड आली, २०२२ ला परत थेट निवड आली. ग्रामपंचायतींच्या मुदती वेगवेगळ्या वेळी संपतात, त्यामुळे एकाच तालुक्यात एका गावात जनतेतला सरपंच आणि बाजूच्या गावात सदस्यांतला, असं एकाच वेळी झालं. मग प्रश्न तयार होतो: सरपंच थेट निवडून आला आणि बहुमत विरोधी पॅनलकडे राहिलं तर गावातली कामं रखडतात का, की उलट त्याला सगळ्या गावाचा विचार करावा लागतो म्हणून जास्त होतात? आणि हाच प्रश्न जगात इतरत्र लोक थेट निवडलेला महापौर आणि कौन्सिल, अध्यक्ष आणि संसद या रूपात विचारत आलेत, म्हणजे तुम्ही एका जुन्या वादात नवा पुरावा घेऊन येताय. हे लिहिलेला सिव्हिल इंजिनिअर मला, मी कमिटीवर असतो तर, बी.ए. पॉलिटिकल सायन्सच्या गोल्ड मेडलिस्टपेक्षा आधी दिसला असता.

वकील असाल तर तुमच्याकडे कोर्ट आहे, कुठले खटले कुठल्या बेंचकडे जातात, जामीन कोणाला मिळतो. पत्रकार असाल तर तुमच्याकडे जिल्ह्यातली माणसं आहेत, त्यांच्याशी बोलता येणं ही पण एक मेथड आहे आणि ती तिकडच्या मुलांना वर्षभर शिकूनही येत नाही. डॉक्टर असाल तर आरोग्य केंद्रातल्या बदल्यांचं राजकारण तुम्हाला तोंडपाठ असेल. साहित्यवाले आणि तत्त्वज्ञानवाले बरेचदा थिअरीत छान बसतात, तिथे डेटा लागत नाही पण मूळ ग्रंथ बारकाईने वाचता यायला हवा. आणि भाषा! लोक सीव्हीत पायथॉन लिहितात आणि मराठी लिहायला विसरतात. ग्रामपंचायतीचे ठराव, तालुक्याचे पेपर, जुने गॅझेट मराठीत वाचता येणं हे कम्पॅरेटिव्हमध्ये मोठं भांडवल आहे, मोडी येत असेल तर तेही लिहा.

एसओपी

साधारण दोन पानं, हजार शब्दांच्या आसपास, पण प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा बघून घ्या. पहिल्या पॅराग्राफचं बोलतो फक्त, कारण तो जमला की बाकीचं जमतं. नेहमीचा पहिला पॅराग्राफ असा असतो की लहानपणी आजोबा पेपर मोठ्याने वाचायचे, घरी चर्चा व्हायच्या, भारत ही जगातली सगळ्यात मोठी लोकशाही आहे, आणि इंजिनिअरिंग करताना मला जाणवलं की खरे प्रश्न तांत्रिक नाहीत, राजकीय आहेत. हा पॅराग्राफ हजार लोकांनी लिहिलाय, आता तर एआयला सांगितलं की तोही नेमका हाच लिहून देतो. वरच्या सिव्हिल इंजिनिअरने सुरुवात अशी करावी: एका तालुक्यातल्या दोन गावांना एकाच वर्षी एकाच योजनेत पैसे आले, एकात नळाला पाणी आलं, दुसऱ्यात दोन वर्षांनीही नाही, आणि फरक सरपंच कसा निवडला गेला यात होता असं गावकरी सांगत होते, मला हे खरं आहे का आणि असेल तर का, हे तपासायचंय. झालं. तुम्ही इंजिनिअर आहात, साईटवर होतात, हे त्यात आपोआप आलं.

मग पुढे आतापर्यंत लोकांनी यावर काय म्हटलंय ते थोडक्यात, तुम्ही काय वेगळं बघताय, कुठला डेटा किंवा फिल्डवर्क वापराल, आणि त्यासाठी तुमची तयारी काय. शेवटी हेच डिपार्टमेंट का. इथे तीन प्रोफेसरची नावं लिहायची आणि प्रत्येकाच्या कामाशी तुमचा प्रश्न कुठे जुळतो ते एका वाक्यात, "आय अ‍ॅम इम्प्रेस्ड बाय युवर वर्क" असलं नको. नावं लिहायच्या आधी ते अजून तिथे आहेत का ते बघा, लोक विद्यापीठ बदलतात, रिटायर होतात, वेबसाईट मागे पडलेली असते. एकाच प्रोफेसरवर सगळा अर्ज उभा करू नका.

आणि राजकीय मतं बाजूला ठेवा. मोदी चांगले की वाईट, ठाकरे बरोबर की शिंदे, हे एसओपीत आलं की तो एसओपी राहात नाही, अग्रलेख होतो. काही विद्यापीठं पर्सनल स्टेटमेंट वेगळं मागतात, आजोबा आणि पेपर तिथे घाला, तिथे चालतील.

रायटिंग सँपल

म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेला संशोधनाचा पेपर. बाहेरून येणाऱ्यांचा खरा कस इथे लागतो, कारण बी.ई.चा प्रोजेक्ट रिपोर्ट पाठवून भागत नाही. बहुतेक ठिकाणी १५ ते ३५ पानांच्या दरम्यान काहीतरी मागतात. तुमच्याकडे नसेल तर लिहावाच लागेल आणि त्याला चार-पाच महिने द्या. प्रबंधाएवढा मोठा विषय नको, छोटा प्रश्न आणि हाताशी असलेला डेटा. डेटा आपल्याकडे भरपूर फुकट आहे: निवडणूक आयोगाचे निकाल, अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरने ते स्वच्छ करून लोकढाबा या वेबसाईटवर ठेवलेत, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मायनेता या साईटवर आहेत, जनगणना २०११ ची, एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण), लोकसभेतली भाषणं. लोकनीती-सीएसडीएसच्या निवडणूक सर्व्हेंवर आधारित लेख पण वाचा, प्रश्नावली कशी बनवतात ते कळतं.

कोडिंग येणाऱ्यांची एक सवय असते, भारी मॉडेल लावायची. न्यूरल नेटवर्कने आमदार कोण होणार ते ओळखलं, बरं, मग? या विषयात भाकितापेक्षा कारण महत्त्वाचं मानतात. साधं रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजायची पद्धत) लावा पण तुलना कशाची कशाशी करताय आणि ती का योग्य आहे यावर दोन पानं खर्च करा, आणि तुमच्या उत्तराला काय धोके आहेत ते स्वतःच लिहा. सरपंचाच्याच उदाहरणात, ज्या गावांची मुदत आधी संपते ती गावं मुळात वेगळी असतील तर? हा आक्षेप तुम्ही आधी मांडलात तर वाचणारा निवांत होतो. ज्यांना कोडिंग येत नाही त्यांनी आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला सुरुवात करा, प्रोबॅबिलिटी आणि थोडं कॅल्क्युलस उजळा, बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये पहिल्या सेमिस्टरच्या आधी मॅथ कॅम्प असतो पण तो उजळणीच्या वेगाने पळतो. गुणात्मक पेपरही चालतो, पंधरा मुलाखतींवर उभा असलेला नीट पेपर हा कच्च्या रिग्रेशनपेक्षा कधीही बरा.

शिफारसपत्रं

तीन लागतात. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीतच आहे, सर म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. शक्य तेवढं टाळा, कारण तीन पत्रं एकाच माणसाने लिहिलेली असली की वाचणाऱ्याला दुसऱ्या पत्रातच समजतं. एचओडीचं नाव मोठं म्हणून त्यांचं पत्र घेऊ नका, त्यांना तुमचा रोल नंबर पण आठवत नसतो. बी.ई. प्रोजेक्टचे गाईड चालतील, त्यांना सांगा की विषयाबद्दल नको, मी किचकट गोष्ट स्वतः कशी सोडवली, किती चिवटपणे काम केलं ते लिहा. मॅनेजरचं एक पत्र चालतं, दोन नकोत.

पण एक तरी पत्र सामाजिक शास्त्रांतल्या (राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र वगैरे) कुणाचं हवं ज्यांनी तुमचं संशोधन बघितलंय, आणि बाहेरच्या माणसाला हेच मिळत नाही. मार्ग असे: भारतात संशोधन करणाऱ्या प्रोफेसरांना रिसर्च असिस्टंट लागतात, सर्व्हे, भाषांतर, डेटा साफ करणं, मराठी येणाऱ्याला तर हमखास. थिंक टँकमध्ये वर्षभर काम. मिशिगनच्या आयसीपीएसआर समर प्रोग्रॅमसारखे मेथड्सचे कोर्स, पण दोन आठवड्यांच्या कोर्समधून पत्र मागू नका, ते पातळ येतं. किंवा मग एम.ए. पत्रं सप्टेंबरमध्येच मागा, सोबत एसओपीचा ड्राफ्ट, सीव्ही आणि डेडलाईनची यादी द्या. सरांना कॉलेजचा ईमेल आयडी आहे का ते आधी बघा, जीमेलवरून आलेल्या पत्राकडे शंकेने बघतात, आणि लिंक स्पॅममध्ये जाते ती जातेच. नोव्हेंबरच्या शेवटी एक, डेडलाईनच्या चार दिवस आधी एक असे नम्र फोन करायचे, लाजायचं नाही. अर्जात पत्र बघायचा हक्क सोडताय का असं विचारतात, सोडा.

मार्क, जीआरई, पैसे

हे पटकन. २०२० नंतर बऱ्याच ठिकाणी जीआरई (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची सामान्य परीक्षा) ऐच्छिक झाली किंवा काढून टाकली, काही ठिकाणी अजून लागते, प्रत्येकाची वेबसाईट त्या वर्षीची बघा. गणिताचा पुरावा मार्कशीटवर नसलेल्यांनी, म्हणजे लॉ, साहित्य, पत्रकारिता, ऐच्छिक असली तरी द्यावी, क्वांट, म्हणजे गणिताचा भाग, चांगला आला तर एक शंका मिटते. स्कोअर पाच वर्षं चालतो. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांना इंग्रजी माध्यमातून पदवी असेल तर पुष्कळ ठिकाणी सूट आहे, सगळीकडे नाही. तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. वाल्यांनी चार वर्षांच्या पदवीची अट आहे का ते ग्रॅज्युएट स्कूलच्या पानावर तपासा, एम.ए. केलेलं असेल तर हा प्रश्न बहुतेक सुटतो. अर्जाच्या वेळी स्कॅन केलेल्या मार्कशीट बहुतेक ठिकाणी चालतात, सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट अ‍ॅडमिशन मिळाल्यावर, पण आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा वेग लक्षात घेऊन आधीच काढून ठेवलेल्या बऱ्या. एटीकेटी लागली होती तर घाबरू नका, त्यावर निबंधही लिहू नका.

अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर प्रत्येकी. दहा ठिकाणी केलं की लाखाच्या आसपास जातात, म्हणून फी माफीचा अर्ज जिथे असेल तिथे भरा, तो भरला म्हणून कोणी कमी लेखत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मास्टर्स आणि पीएचडी दोन्हीला, तिच्या अटी आणि तारखा समाजकल्याणच्या जाहिरातीत बघा, विशेषतः आधी मास्टर्स करणार असाल तर.

मधे एम.ए. करावं का

प्रश्न पक्का आहे, एक सामाजिक शास्त्रांतलं पत्र आहे, पेपर आहे, तर थेट अर्ज करा. तिन्ही नसेल तर एम.ए.चा फायदा होतो. परदेशात शिकागोचा एमएपीएसएस (सामाजिक शास्त्रांतलं एम.ए.) किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे एक वर्षाचे मास्टर्स लोक याचसाठी करतात, पण महाग आहेत, स्कॉलरशिपशिवाय कर्ज काढून जावं असं मी सांगणार नाही. भारतात हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू, पुणे विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग, मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग, खर्च फार कमी आणि तिथे जातीच्या, पक्षांच्या राजकारणावर आयुष्य घालवलेली माणसं भेटतात. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं एम.ए. आहे, वाचन होतं, पत्र मात्र मिळत नाही.

इंग्लंडचं गणित वेगळं आहे, तिथे आधी मास्टर्स लागतं, रिसर्च प्रपोजल लागतं आणि गाईड आधी शोधावा लागतो, पीएचडी तीन-चार वर्षांची. अमेरिकेत प्रवेश कमिटी देते, त्यामुळे प्रोफेसरला ईमेल केलाच पाहिजे असं नाही. केलात तर सहा-सात ओळींचा, प्रश्न काय आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का, बास. उत्तर आलं नाही तर त्याचा काहीही अर्थ नसतो. भारतातच करायची असेल तर चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर यूजीसी नेट परीक्षा आता दुसऱ्या विषयातूनही देता येते, तो रस्ता पण बघून ठेवा.

यादी, डेडलाईन आणि नंतरचं

आठ ते बारा ठिकाणं पुरे. रँकिंग बघून यादी करू नका, दक्षिण आशियावर काम करणारे किमान दोन लोक आणि तुमच्या मेथडचा एक माणूस जिथे आहे ती जागा. बऱ्याच डेडलाईन १ ते १५ डिसेंबरच्या आत असतात. एका ठिकाणी शेकड्यांनी अर्ज येतात आणि जागा दहा-पंधरा, कधी त्याहून कमी, त्यात २०२५ मध्ये संशोधनाच्या पैशाला कात्री लागल्यावर काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा अजून कमी केल्या, म्हणून अर्ज भरायच्या आधी त्या वर्षी प्रवेश चालू आहेत ना ते बघा, फी परत मिळत नाही.

निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. काही ठिकाणी झूमवर गप्पांसारखा इंटरव्ह्यू होतो, त्यात तुमचा पेपर तीन मिनिटांत सांगता आला पाहिजे आणि "हे खोटं ठरवायचं असेल तर काय दिसायला हवं?" याचं उत्तर तयार हवं. सगळीकडून नकार आला तर एसओपीचे शब्द बदलत बसू नका, सँपल नवीन लिहा आणि एक पत्र बदला, पुढच्या वर्षी फरक त्यानेच पडतो.

ऑफर आली तर १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं, त्या आधी सही करायला कोणी घाई केली तर तारीख दाखवा. मधल्या काळात तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठा, शक्यतो भारतीय आणि शक्यतो तुमच्या होणाऱ्या गाईडचे विद्यार्थी, आणि हे विचारा: उन्हाळ्याचे तीन महिने पगार मिळतो का, पाचव्या वर्षानंतर पैसे कुठून येतात, फिल्डवर्कला भारतात यायला ग्रँट मिळते का, गाईड ड्राफ्ट वाचून किती दिवसांत परत देतो, आणि मागच्या काही वर्षांत किती जण अर्ध्यात सोडून गेले. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर दुसऱ्या विद्यार्थ्याला फोन लावा.